खंडेनवमीस उतरवलेली बॅटरी

सन दोन हजार अठरा. मला एकोणसत्तर वर्षं पुरी झाली होती. कुंभकोणमात स्वामिमलैच्या रस्त्यावर माझं बॅटरीचं दुकान, आणि दुकानाच्या मागच्या अंगास घर. दुकान म्हणजे एक शटर, आत चार्जिंगचं मेज, पाण्याचा पिंप आणि स्पॅनर टांगायची फळी. माझी शाळा तिसरीपर्यंत झाली, तीही तमिळ. मराठी अक्षरं वडिलांनी घरी पाटीवर गिरवून घेतली. आमचे लोक तंजावरच्या राजांच्या पाठोपाठ इकडे आले आणि इकडचेच झाले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. माझं लिहिणं तिकडच्या माणसास जुनाट वाटेल. वाटू दे. मी ते कुणास आवडावं म्हणून लिहीत नाही.

त्या वर्षी दसऱ्याच्या सकाळी दुकानाची किल्ली जावयाच्या हातात द्यायची, असं ठरलं होतं. मी नव्हतं ठरवलं. मुलीनं ठरवलं आणि माझ्याकडून हो म्हणवून घेतलं. एकच मुलगी मला. तिची आई जाऊन तेव्हा सहा वर्षं झालेली. जावई कोइंबतूरला पंपाच्या कारखान्यात होता, तो कारखाना बंद पडला, आणि दोन ट्रंका घेऊन दोघं माझ्याकडे आली. आठ महिने तो माझ्याबरोबर दुकानात उभा राहिला. किल्ली मात्र माझ्या कमरेला. सकाळी शटर मी उघडणार, रात्री मी लावणार. मध्ये मी जेवायला घरात गेलो, तर तेवढ्यापुरतीही किल्ली कमरेलाच.

भाद्रपदात मुलगी म्हणाली, "अप्पा, दसऱ्याला किल्ली देत असाल तर सांगा. नाही तर त्यांना होसूरला काम आहे, आम्ही तिकडे जातो. गिऱ्हाइकांपुढे तुम्ही त्यांना बोलता ते मला रोज आतून ऐकू येतं."

"मी काय बोलतो?"

"तुम्हांस ठाऊक आहे काय बोलता."

ठाऊक होतं. ती गेली असती तर घरात मी आणि भिंती. म्हणून हो म्हटलं.

जावयाबद्दल माझं काय वाकडं होतं ते सांगतो, लपवून काय करायचं. त्याच्याकडे डिप्लोमा होता. माणूस शांत, कामाचा, दारू नाही, पानसुद्धा नाही. मी चार्जिंगच्या मेजाशी बसून बिडी ओढत असे. चाळीस वर्षं ओढत आलो. आल्यावर दुसऱ्याच महिन्यात तो दोन गिऱ्हाइकांपुढे म्हणाला, "मामा, चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. पेट घेईल. बाहेर ओढा." मी हसण्यावारी नेलं. तर आठवडाभरानं त्यानं पुठ्ठ्यावर मोठ्या तमिळ अक्षरांत लिहिलं, इथे बिडी ओढू नये, आणि मेजाच्या वर टांगलं. माझ्या दुकानात. येणारा जाणारा ते वाचायचा, मग माझ्याकडे पाहायचा. त्याचं म्हणणं खरं होतं. खोटं असतं तर मी पुठ्ठा फाडून टाकला असता आणि विसरलो असतो. खरं होतं म्हणून फाडता येईना. मी रस्त्यावर उभा राहून बिडी ओढू लागलो, पावसात छत्री धरून.

तेव्हापासून मी त्याला 'डिप्लोमा' म्हणू लागलो. घरात नव्हे, दुकानात, आणि तमिळमध्ये, म्हणजे गिऱ्हाइकास समजावं. "डिप्लोमाला विचारा, मी तिसरी पास." लोक हसायचे. तो हसायचा नाही, रागवायचाही नाही. काम करत राहायचा.

आता बॅटरीचं सांगतो, नाही तर पुढचं समजायचं नाही. गाडीचं सगळं लोखंडी अंग मायनसला जोडलेलं असतं. म्हणून बॅटरी उतरवताना गाडीची किल्ली बंद, दिवे बंद, आणि आधी मायनस सोडायचा. मायनस सोडताना स्पॅनर गाडीच्या अंगास लागला तरी काही होत नाही, दोन्ही एकच. वायर बाजूला वाकवून ठेवायची, आपसूक परत येऊन टेकता कामा नये. मग प्लस. आधी प्लसला हात घातला आणि स्पॅनरचं शेपूट पत्र्याला लागलं, तर सगळी बॅटरी त्या स्पॅनरातून धावते. बसवताना उलटं. प्लस आधी, मायनस शेवटी. हातात अंगठी, घड्याळ, कडं काही नको. माझे स्पॅनर सायकलच्या ट्यूबनं गुंडाळलेले असतात, नुसतं तोंड उघडं. हे जावयास सगळं येत होतं. सावकाश, पुस्तकाप्रमाणे करायचा, पण चुकत नव्हता.

एक गोष्ट त्याला येत नव्हती, आणि ती मी त्याला सांगितली नव्हती. बॅटरीवर वायर जिला आवळतात ती खुंटी, प्लसची मायनसपेक्षा किंचित जाड असते. प्लस-मायनसच्या खुणा पुसल्या असल्या, दोन्ही वायरी काळ्या असल्या, तरी मी अंगठ्यानं चाचपून सांगतो. कदाचित त्याच्या पुस्तकात असेलही. पण तो खुणा पाहायचा, अंगठा लावायचा नाही, आणि मी म्हणालो नाही की लावून पाहा.

खंडेनवमीचा दिवस आला. इकडे तमिळ लोक आयुधपूजा म्हणतात. सगळी हत्यारं धुऊन, गंध-कुंकू लावून पूजेत मांडायची. ती दुसऱ्या दिवशी, दसऱ्यास पुन्हा पूजा होईपर्यंत उचलायची नाहीत. गाड्या धुतात, हार घालतात, बॉनेट उघडून इंजिनालाही गंध लावतात. आमच्या फळीवर मी सगळे स्पॅनर ओळीनं मांडले, प्रत्येकास चंदनाचा ठसठशीत ठिपका आणि वर कुंकू. मुलीनं चुरमुरे, डाळे, गूळ असा प्रसाद केला. जावई नवी वेष्टी, म्हणजे इकडचं धोतर, नेसून, लग्नात आम्ही घातलेली अंगठी घालून आला. एरवी ती अंगठी पेटीत असायची. त्या दिवशी मुलीनं काढून दिली, सणाची म्हणून.

अकराच्या सुमारास इन्नंबूरचा एक भाताचा शेतकरी गाडी ढकलत आला, म्हणजे रस्त्यावरचे चौघे ढकलत होते आणि तो स्टिअरिंग धरून. मागच्या सीटवर त्याची म्हातारी आई. दोघं तिरुप्पनंदाळला बहिणीकडे निघाली होती. सकाळी गाडीची पूजा केली, दारं सताड उघडी, आत गाणी लावलेली, पुढचे दिवे चालू, देवापुढे दिवे हवेत म्हणून. तीन तासांत बॅटरी झोपली. घरातून ढकलून सुरू केली, ती आमच्या दुकानाच्या थोडी अलीकडे बंद पडली.

"ऐया, दुसरी घालून द्या," तो म्हणाला. "माझी इथे चार्जिंगला राहू दे, उद्या घेऊन जातो."

मी म्हणालो, "आज हत्यार उचलत नाही. उद्या या."

"आईस घेऊन कुठे बसू?"

जावई पुढे झाला. मला मराठीत म्हणाला, "मामा, त्यांच्या डिकीत स्पॅनर असेल. पूजेतलं काही घ्यायला नको. मी करतो."

"करा की," मी म्हणालो. मग तमिळमध्ये, त्या शेतकऱ्याकडे पाहून, "आमचे डिप्लोमा करतील. उद्यापासून दुकानही त्यांचंच."

डिकीत दहा नंबरचा स्पॅनर निघाला, गंजका, नागडा, रबर नाही काही नाही. बॉनेट उघडलं. म्हातारीनं बॅटरीचीही पूजा केली होती. दोन्ही खुंट्यांवर चंदनाचा लिंबाएवढा गोळा, त्यावर कुंकू. खुणा त्याच्याखाली. दोन्ही वायरी काळ्या. कुणीतरी कधी बदललेल्या. जावयानं बोटानं गंध बाजूला करायला हात पुढे केला.

"पुसू नका हं," मागच्या सीटवरून म्हातारी म्हणाली. "मीच लावलंय. उद्यापर्यंत राहू दे."

त्यानं हात मागे घेतला. वाकून वायर कुठे जाते ते पाहू लागला. तेच करायचं असतं. मायनसची वायर जवळच पत्र्याला बोल्टानं धरलेली असते, पाच पळांत कळलं असतं. पण वर हार पडलेला होता, झेंडूचा जाडजूड, आणि तो हार उचलून खाली पाहायला लागला तेव्हा मी तमिळमध्ये म्हणालो, "सावकाश बघा, डिप्लोमा. इन्नंबूरच्या लोकांना संध्याकाळपर्यंत वेळ आहे. पुस्तक आणून देऊ का घरातून?"

शेतकरी हसला. ढकलायला आलेल्यांतले दोघे थांबले होते, तेही हसले.

जावयाचे कान लाल झाले. आठ महिन्यांत मी पहिल्यांदा पाहिले. त्यानं हार सोडला आणि स्पॅनर उचलला.

मी त्याच्या उजव्या अंगास, हातभर अंतरावर उभा होतो. चंदनाखाली खुंटीचा आकार दिसत होता. त्यानं स्पॅनर लावला तो जाड खुंटीला. प्लसला. आणि हातात अंगठी. मी दोन्ही पाहिलं. बोलायला एक शब्द लागला असता. 'थांबा' म्हटलं असतं तरी पुरे होतं. मला वाटलं, ठिणगी उडेल, दचकेल, चार लोक पाहतील, आणि उद्या किल्ली घेताना त्याला आठवण राहील की दुकान कुणाचं होतं. असं वाटलं. त्याहून जास्त वाटलं नाही, आणि त्याहून कमीही नाही.

स्पॅनरनं अर्धा फेरा घेतला आणि शेपूट बाजूच्या पत्र्यापाशी आलं. मधे त्याचं बोट. अंगठी एका बाजूनं स्पॅनरला, दुसऱ्या बाजूनं पत्र्याला. टच् असा एक आवाज झाला, लहानच. त्यानं हात ओढला, पण हात येईना. अंगठी चिकटली होती. ओरडला नाही. नाकातून एक आवाज काढला आणि पाय जमिनीवर आपटले. शेतकऱ्यानं पायातली चप्पल काढली आणि त्या चपलेनं स्पॅनर उडवला, तेव्हा तो मागे पडला. अंगठी बोटावरच. तिच्या खालचं कातडं पांढरं झालं होतं आणि कडेनं काळं.

मुलगी प्रसादाचं ताट घेऊन येत होती. ताट तिनं रस्त्यावरच ठेवलं. त्याला पिंपाशी नेऊन हात बुडवला आणि धरून ठेवला. माझ्याकडे पाहिलं नाही. दहा मिनिटांनी ऑटो बोलावून दोघं इस्पितळात गेली. तिथे अंगठी कापून काढली. ते बोट आजही पुरतं वळत नाही.

गाडी उभीच होती. बॉनेट उघडं. ढकलणारे गेले, शेतकरी चप्पल घालून उभा, म्हातारी सीटवर हात जोडून पुटपुटत होती. मी आत गेलो, पूजेतला माझा गुंडाळलेला दहा नंबरचा उचलला, वेष्टीला पुसला आणि बाहेर आलो. मायनस सोडला, वायर मागे वाकवली. प्लस सोडला. पट्टी काढून बॅटरी उचलली, चार्ज केलेली ठेवली, पट्टी आवळली. प्लस बसवला, मायनस बसवला, दोन्हींस ग्रीस लावलं. गंध-कुंकू जुन्या बॅटरीबरोबर गेलं. सेल्फ मारला, गाडी सुरू झाली, मायलेक गेली.

मला तेव्हा बरं वाटलं. काम नेटकं झालं याचं.

दिवेलागणीस मुलगी एकटी दुकानात आली. जावई आत पडला होता, औषधानं झोप लागलेली. ती फळीसमोर उभी राहिली. ओळीत एक जागा रिकामी होती, आणि खालच्या कापडावर चंदनाचा डाग.

"अप्पा, हा कुणी उचलला?"

"मी."

"केव्हा?"

"तुम्ही गेल्यावर. गाडी उभी होती."

"म्हणजे उचलता येत होता."

मी कापडावरचा चंदनाचा डाग अंगठ्यानं पुसू लागलो.

"अंगठी पाहिली होती तुम्ही?"

मला खोटं बोलता येत नाही, आणि मुलीशी तर मी कधी खोटं बोललो नाही. "पाहिली," मी म्हणालो.

"आणि प्लसला लावला ते?"

"तेही."

"मग तोंड कशासाठी आहे?"

"माझ्या दुकानात बोर्ड लावतो तो. त्याला मी काय सांगायचं?"

"बोर्डासाठी," ती म्हणाली. मग पुन्हा, हळू, जणू हिशेब जुळतो का ते पाहत, "एका पुठ्ठ्यासाठी बोट."

ती पायरीवर बसली. रस्त्यानं हार घातलेल्या गाड्या जात होत्या. मग उठून म्हणाली, "उद्या किल्ली द्या. त्यांचा हात बरा होईपर्यंत मी दुकानात उभी राहते. एवढं केलंत तर आत्ता जे बोललात ते मी त्यांना सांगणार नाही. कधीच नाही. पण उद्या दिली नाहीत, तर आम्ही जातो."

"बरं," मी म्हणालो.

ती आत गेली. मी खरंच द्यायचं म्हणूनच झोपलो.

दसऱ्याच्या सकाळी मी विहिरीवर स्नान केलं, नवी वेष्टी नेसलो, दुकानासमोर सडा घातला. शटरपुढे कापूर लावला. जावई आला. उजवा हात मनगटापर्यंत पांढऱ्या पट्टीत, बोटं आत एकत्र बांधलेली. कपाळाला गंध. कालचा एक शब्द त्यानं काढला नाही. मुलगी मागे उभी.

"मामा, नऊच्या आत बरं आहे म्हणतात," तो म्हणाला.

मी कमरेची किल्ली सोडली. त्याचा उजवा हात मिटेना, म्हणून त्यानं डावा पुढे केला आणि पट्टीतला उजवा डाव्याच्या कोपराखाली धरला, आम्ही मोठ्यांकडून घेताना धरतो तसा. त्यात काही उणं नव्हतं. दुखत असताही त्यानं तो धरला होता. मी त्या पंज्याकडे पाहिलं. किल्ली माझ्या बोटांत होती आणि पंजा वीतभर खाली.

"दसऱ्याच्या दिवशी डाव्या हातात लक्ष्मी देत नाहीत," मी म्हणालो. तमिळमध्ये नव्हे, मराठीत.

मुलगी पुढे आली. त्याच्या डाव्या हातावर आपला उजवा पंजा ठेवला. "हा उजवा आहे. यात द्या."

"किल्ली जावयास द्यायची ठरली होती. मुलीस नव्हे."

तिचा हात तसाच राहिला थोडा वेळ. कापूर जळून संपला. जावयानंच तिचा हात खाली घेतला.

"मामा," तो म्हणाला, "हात बरा झाला की द्याल?"

"पाहू," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. आठ महिने जशी हलवत आला तशीच. मग बायकोस म्हणाला, "चल, ट्रंका काढू."

ती दोघं मागे घरात गेली. मी शटर उघडलं. पूजा केली, एकट्यानं, मंत्र येतात तेवढे म्हणून. स्पॅनर एकेक उचलून फडक्यानं पुसले, फळीला टांगले. इन्नंबूरच्या गाडीची बॅटरी मेजावर घेतली, वरचं चंदन ओल्या फडक्यानं काढलं. चार्जरचा प्लस लावला, मायनस लावला, मग बटण दाबलं. काटा चढला. पाणी कमी होतं, प्लेटा उघड्या पडायला आलेल्या. डिस्टिल पाण्याचा डबा घेतला आणि नळीनं एकेक भोक भरू लागलो. बाहेर ऑटो येऊन थांबला. ट्रंक चढवल्याचा आवाज आला, मग दुसरी. मुलगी काहीतरी म्हणाली, ते मला ऐकू आलं नाही, इंजिन चालू होतं. बॅटरीस सहा भोकं असतात. सहावं भरेपर्यंत मी मान वर केली नाही.